लोकरीचं तेल

"तेल आहे ते, सिस्टर. लोकरीचं तेल," क्लेम म्हणाला आणि पँटला बोटे पुसत उठायला लागला.

ब्रॉन्विन सिस्टर फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. फोनला जोडलेल्या छोट्या पट्टीवर दोन्ही हातांची बोटे तीस सेकंद ठेवायची, की हृदयाच्या ठोक्यांची रेघ पडद्यावर उमटायची. चहाच्या सुट्टीत तिने शेडमधल्या सगळ्यांना तपासले होते. मेंढ्या कातरून कातरून त्यांच्या हातांवर लोकरीच्या तेलाचा थर बसलेला. पहिल्या खेपेला प्रत्येकाचीच रेघ गिचमिड आली. बोटे पुसल्यावर पाच जणांची नीट आली. क्लेमची दोनदा पुसूनही आली नाही.

"मशीन ठीक आहे," त्या पाचांतला वीरेमू म्हणाला. "म्हाताऱ्याला हृदयच नाही. मी कधीचा सांगतोय."

सगळे हसले. क्लेमही हसला.

"अजून एकदा बघू," सिस्टर म्हणाली.

"घंटेला पाच मिनिटं आहेत. चाळीस वर्षांत घंटा झाली आणि मी जागेवर नाही, असं कधी झालेलं नाही. जेवायच्या सुट्टीत बघ."

"तेव्हा मी इथे नसेन. पुढची शेड शंभर किलोमीटरवर आहे."

"मग पुढच्या वर्षी."

स्वयंपाकी मर्व्ह कप गोळा करत होता. त्याने ट्रे खाली ठेवला. त्याची बायको आयलीन पक्षाघाताने गेली त्याला दोन वर्षे झाली होती. तिचे ठोके चुकत होते, हे डॉक्टरांना नंतर कळले. पुढचे वर्ष या शब्दावर मर्व्हचा आता विश्वास नव्हता.

त्याने क्लेमचे मनगट धरले आणि त्याला सरळ मोरीपाशी नेले.

"अरे, हे काय?"

"हात पुढे कर."

गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि कढई घासायचा ब्रश. मर्व्हने बोट न बोट घासले, नखेसुद्धा.

"माझ्या आईनं पण कधी इतकं घासलं नाही," क्लेम कुरकुरला.

"तिला माहीत होतं, उपयोग नाही."

हात कोरडे करून क्लेम परत बाकावर बसला तेवढ्यात घंटा झाली. लोकर कातरायची पाच यंत्रे एकदम सुरू झाली. क्लेमचे पाय हलले.

"हलायचं नाही. बोलायचं नाही," सिस्टर म्हणाली.

पाचांचा आवाज चालू होता. सहावी जागा रिकामी होती. क्लेम तिकडे बघत होता. मर्व्ह पडद्याकडे बघत होता.

या वेळी रेघ स्वच्छ आली. त्यामुळे ते मर्व्हलाही दिसले. दोन ठोके जवळजवळ, मग लांब फट, मग तीन एकदम, मग पुन्हा फट.

"तेल नाहीये, क्लेम," सिस्टर हळूच म्हणाली.

"पण मला काही होत नाही. आज सकाळी मेंढ्यांच्या आकड्यात वीरेमूच्या पुढे होतो मी."

"खूप जणांना काहीच होत नाही. पण ठोके असे पडले की रक्त साचतं, गुठळी होते आणि ती डोक्यात जाते. डॉक्टर नीट तपासतील. हेच निघालं तर गोळ्या असतात, आणि बहुतेक वेळा ते टळतं. मी फोन करून ठेवते. आजच जायचं. आणि गाडी तुम्ही चालवायची नाही."

क्लेम आपल्या हातांकडे बघत बसला. इतके स्वच्छ हात त्याने बऱ्याच वर्षांत पाहिले नसावेत. मर्व्हने खुंटीवरची किल्ली काढली तेव्हा त्याने मान वर केली.

"आणि सगळ्यांच्या जेवणाचं काय?"

"गार मटण आहे, पाव आहे. मरत नाहीत उपाशी."

दारात मर्व्ह थांबला. सिस्टर आपली पट्टी पुसून पेटीत ठेवत होती. त्याला खूप काही बोलायचे होते.

"सिस्टर, तुम्ही आलात, फार बरं झालं," एवढेच तो म्हणाला.

शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत कुरणांच्या कुंपणांना पाच फाटके होती. फाटक आले की शेजारी बसलेल्याने उतरून उघडायचे आणि गाडी गेल्यावर लावून घ्यायचे. तिकडे हे कुणाला सांगावे लागत नाही. पहिल्या फाटकापाशी गाडी थांबली, तसा क्लेमचा हात दाराकडे गेला.

"बस," मर्व्ह म्हणाला.

"मी काय पाहुणा आहे?"

"बस म्हणतो ना."

मर्व्ह स्वतः उतरला. उतरायचे, फाटक उघडायचे, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा उतरून लावायचे. शेजारची जागा रिकामी झाल्यापासून तो हे सगळे एकट्यानेच करत आला होता. त्याने साखळी अडकवली, वळला आणि तिथेच उभा राहिला. मागच्या काचेतून क्लेमची टोपी दिसत होती.

क्लेमने खिडकीतून डोके बाहेर काढले. "काय झालं? रुसलास का?"

"नाही रे," मर्व्ह म्हणाला. "तू बसलायस, तेच बघतोय."