आरपार दिसेल तेवढंच

सकाळपासून सुभद्राच्या पोटात फक्त आरपार दिसणाऱ्या गोष्टी गेल्या होत्या. शहाळ्याचं पाणी, कोरा चहा, फडक्यातून गाळलेलं मुगाचं पाणी, आणि लिंबाचं सरबत, तेही गाळून. उद्या सकाळी परळच्या इस्पितळात दुर्बीण घालून तिचं मोठं आतडं तपासायचं होतं. ते धुतल्यासारखं स्वच्छ हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या महिन्यात तिने आदल्या दिवशी गुपचूप अर्धा बांगडा खाल्ला, आणि डॉक्टरांना तपासणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून या वेळी तिची सून दर्शना रजा टाकून घरी थांबली होती.

"कोकमाचा सार तरी दी गो वायच."

"लाल काही चालत नाही, आई. आत लाल रंग राहिला तर डॉक्टरांना रक्त वाटेल."

रक्त पडतं म्हणूनच ही तपासणी होती. सुभद्राने पुन्हा सार मागितलं नाही.

लालबागची चाळ पाडून तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. चाळ तीन मजल्यांची होती. आपण पडलो आहोत तिथे पूर्वी नुसतं आकाश होतं, असं सुभद्राच्या मनात आलं. उपाशी पोटी खाट हलकी लागत होती. खिडकीच्या खालून एक घार संथपणे गेली. घारीची पाठ तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मग डोळा लागला.

गिरणीची पाळी सुटली होती. माणसं जिना चढून येत होती, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. एकतीस वर्षं तिने खानावळ चालवली होती. ही सगळी तिच्याच पंगतीतली माणसं. पुढ्यात ताटं घेऊन ती दोन रांगांत बसली. ताटं रिकामी होती. कोणी काही बोलत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

दर्शना आतल्या खोलीत ऑफिसच्या फोनवर होती. पाऊण तास झाला असेल नसेल, तिला शिजत्या भाताचा वास आला. ती धावत स्वयंपाकघरात आली. घरातला सगळ्यात मोठा टोप गॅसवर होता आणि उकड्या तांदळाचा भात काठाला लागला होता. सुभद्रा उभी होती. डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच. भाताने भरलेला डाव तिने ओठांपाशी आणला होता.

"आई!"

सुभद्रा दचकली, पण डाव खाली आला नाही.

"सगळे बसलेत," ती म्हणाली. "कोण वाढतला?"

डाव हिसकावून घ्यावा असं दर्शनाला वाटलं. एक घास गेला की उद्याचा दिवसही फुकट, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तिने सासूच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. फरशी रिकामी होती. दर्शनाने फळीवरचं ताट काढलं आणि ती तिथेच मांडी घालून बसली.

"मला वाढा," ती म्हणाली.

सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली. मग वाकली. डाव ताटात रिकामा झाला. वर पेज आली, कडेला मीठ आलं. एक शीतही बाहेर सांडलं नाही.

दर्शना जेवू लागली. सासूसमोर नको म्हणून तिनेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"शिजलो?"

"छान शिजलाय."

"मीठ?"

"बरोबर आहे."

"आणि घे."

दर्शनाने तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळी वाढता वाढता सुभद्रा थांबली. तिने टोपाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"येवढो भात कोणी रांधल्यान?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं. तिने गॅस बंद केला.

पाच वाजता औषधाची पूड घातलेलं पाणी सुरू करायचं होतं. दोन लिटर, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. मागच्या वेळी तिने प्रत्येक पेल्याला कुरकुर केली होती. आज पहिला पेला तिने एका दमात संपवला. दुसरा अर्धा झाल्यावर म्हणाली,

"दोन म्हयने नाय गो."

"काय, आई?"

"रगात पडता ता. डॉक्टरांका दोन म्हयने सांगलंय. गणपतीच्याय आधीपासून पडता."

गणपती गेले होते, दिवाळी गेली होती, होळीही होऊन गेली होती.

"बोलला का नाहीत?"

सुभद्राने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"एकतीस वर्सां एक दिस खाडो करूक नाय. आजारी कसा पडाचा, ता मी शिकूकच नाय."

दर्शनाने घड्याळ पाहिलं. तिने तिसरा पेला भरला.

दुसऱ्या दिवशी सुभद्राला आत नेण्याआधी दर्शनाने डॉक्टरांना खरे महिने सांगितले. तासाभराने ते बाहेर आले. आतड्यात दोन गाठी होत्या, त्या तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवल्या होत्या. दिसायला साध्या वाटतात, म्हणाले, पण रिपोर्ट आठ दिवसांनी. आणखी वर्षभर थांबला असतात तर मला असं म्हणता आलं नसतं, असंही ते म्हणाले.

इंजेक्शनची गुंगी अजून उतरली नव्हती. सुभद्रा कुशीवर पडून होती. नर्सने दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं आणून ठेवली. दर्शनाने एक बिस्कीट चहात बुडवलं, कपाच्या काठावर निथळलं आणि तिच्या ओठांशी नेलं. सुभद्राला कोणी भरवतंय, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. सासू मान फिरवेल, असंच तिला वाटलं.

सुभद्राने डोळे न उघडता तोंड उघडलं. सावकाश चावलं, गिळलं.

"आणि दी," ती म्हणाली.