पाण्यातला उंबरा

"आज कुठवर उतरलं गं?" रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा आणि कंट्रोल रूममधल्या पडद्यावर धरणाची पातळी बघून ती सांगायची, "आपल्या घराच्या भिंती दिसायला लागल्या असतील. उंबऱ्यावर मात्र अजून पाणी आहे."

धरणाच्या वीजघरात ती इंजिनिअर म्हणून रुजू झाली, तेव्हा हेच आबा वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. "ज्या पाण्यानं घर गिळलं, त्याच्याच चाकरीला निघालीस?" एवढंच म्हणाले होते.

यंदा पाऊस कमी झाला, उन्हाळा कडक निघाला आणि विजेसाठी टर्बाइनं दिवसरात्र फिरत राहिली. त्यांतून पाणी जाईल तसं आबांचं बुडालेलं गाव वर येऊ लागलं. ते काठावर जाऊन बसायचे. "अजून थोडी चालव की गं," म्हणायचे.

आज वरून आदेश आला. उरलेलं पाणी पिण्यासाठी राखायचं, टर्बाइनं बंद करायची. बटणावरचं बोट तसंच ठेवून तिनं आबांना फोन लावला.

"आबा, आता पाणी उतरायचं नाही."

पलीकडून पाण्याचा डुबुक डुबुक आवाज आला. "कर तू बंद. मी मांडीभर पाण्यात उभा आहे. उंबरा लागला बघ पायाला."

तिनं बटण दाबलं. घरघर हळूहळू विरत गेली.

"आबा, बाहेर या आता."

"येतो. मी उंबऱ्यात पाय ठेवला की आई आतनं 'आलास का रं' म्हणायची. तेवढं ऐकतो नि निघतो."