चित्रकार लवकर आला

चित्रकारानं केबिनमध्ये लाकडी स्टँड उभा केला, त्यावर कोरा कॅनव्हास ठेवला आणि खिडकीचा पडदा सरकवत तो म्हणाला, "बसा बाई. उजेड आहे तोवर चेहरा उरकून घेऊ."

निवडणूक आयोगाच्या मुख्य आयुक्त बाई टेबलापलीकडे उभ्याच राहिल्या. मागच्या भिंतीवर आजवरचे सगळे मुख्य आयुक्त चौकटीत बसले होते. कोणी हसरे, कोणी करारी आणि एकजात सगळे गप्प. रिवाज असा, की मुख्य आयुक्त पायउतार व्हायला निघाले की चित्रकार यायचा. बाईंना तर या खुर्चीत येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

"मंत्रालयातून फोन आला. म्हणाले, आजच बसवून घ्या, उद्या तिथं नवे साहेब येणार." बोलता बोलता चित्रकारानं रंगाची नळी पिळली आणि मग कुठे त्याचं बाईंकडे लक्ष गेलं. "म्हणजे... तुम्हाला सांगितलेलं नाही होय?"

नव्हतंच सांगितलं. नवरीला सोडून सगळ्या वऱ्हाडाला बातमी ठाऊक असावी, तशातली गत.

बाईंना राग आला. रागाच्या पाठोपाठ भीतीही वाटली. खुर्ची जाणार म्हणून नव्हे. गृहमंत्र्यांच्या मतदारसंघात पुन्हा मतदान घेण्याचा आदेश टेबलावर पडून होता. त्यावर बाईंची सही झाली होती, उपायुक्तांची व्हायची होती, आणि दोन सह्यांशिवाय त्या कागदाला काडीची किंमत नव्हती. उपायुक्त मात्र कधीपासून 'आज नको, उद्या करू' म्हणत होते. त्यांचा तो उद्या कुठला, ते बाईंना आता कळलं.

त्यांनी बेल दाबून शिपायाला बोलावलं. "उपायुक्तांना पाठवा. आणि खाली वार्ताहर आलेत, त्यांना बसवून ठेवा. चहा पाजा."

उपायुक्त हात चोळतच आले. ऑफिसात त्यांना पाठीमागे होयबा म्हणत, आणि ते त्यांनाही माहीत होतं. कॅनव्हास पाहून ते दारातच थबकले.

"या, नवे साहेब," बाई म्हणाल्या.

"मॅडम, माझ्याही कानावर आत्ताच..."

"कानांचं नंतर बघू. सही करा."

"असं एकदम कसं, मॅडम? मला आधी या खुर्चीत बसू तर द्या. मग आत राहून बघतो, काय करता येतं ते."

"मतदानाच्या दिवशी गृहमंत्र्यांच्या मतदारसंघात पाहणीला तुम्ही गेला होतात. काय पाहिलंत?"

"ते मी तुम्हाला सांगितलंय की."

"मला कुजबुजत सांगितलंत. आता या चित्रकारांना सांगा. मोठ्यानं."

उपायुक्तांनी चित्रकाराकडे पाहिलं. परका माणूस, हातात ब्रश, चेहऱ्यावर नुसतं कुतूहल. "भर दुपारी केंद्राचे दरवाजे लावून घेतले होते," ते म्हणाले. "बाहेर ही एवढी रांग. बाया, म्हातारी माणसं, सगळी उन्हात. कोणाला आत सोडत नव्हते."

"आणि आत?"

"आत... मतं पडत होती."

चित्रकार खो खो हसला. "दारं बंद, माणसं बाहेर आणि मतं आत? साहेब, हा तर जादूचा खेळ झाला! मग तुम्ही काय केलंत?"

त्यानं आपलं सहज विचारलं होतं. उपायुक्तांचे कान लाल झाले. त्यांनी रुमाल काढून मान पुसली आणि ते त्याच रुमालाच्या घड्या घालत राहिले.

"एका आजीनं माझा हात धरला होता," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "म्हणाली, तू सरकारी माणूस दिसतोस, दार उघडायला सांग रे. मी म्हटलं, बघतो. आणि गाडीत जाऊन बसलो."

टेबलावरचा फोन वाजू लागला. नंबर मंत्रालयाचा होता. बाईंनी तो उचलला नाही.

"हा उचलला की मी मुख्य आयुक्त नाही," त्या म्हणाल्या. "वाजतोय तोवर आहे. तुमचं तुम्ही ठरवा. तुमचा हात धरून मी काही सही करून घेणार नाही."

फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा सुरू झाला. उपायुक्तांनी खिशातून पेन काढलं. टेबलावर वाकून आदेश पुढे ओढला. एरवी ते सही म्हणून एक फराटा ओढत. आज त्यांनी अख्खं नाव लिहिलं.

बाईंना त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली, पण कौतुक करत बसायला वेळ नव्हता. त्यांनी आदेश उचलला. "चला, खाली जाऊन वाचून दाखवू."

"अहो, पण माझं काय?" चित्रकार ब्रशसकट आडवा आला. "संध्याकाळी मला काढलेला चेहरा मंत्रालयात दाखवायचाय. कोणाला बसवू ते तरी सांगा!"

बाई काही बोलणार, तेवढ्यात उपायुक्तांनी कॉलर सारखी केली.

"आम्ही वाचून येतोच," ते म्हणाले. "तोवर दोन खुर्च्या लावून ठेवा. आता दोघांचंही चित्र लागेल."