ब्रेक न लागणारं स्वप्न

रुग्णवाहिका चालवणाऱ्या सूनबाईच्या गाडीत गेल्या महिन्यात एक रुग्ण वाटेतच दगावला, तेव्हापासून तिला रोज एकच स्वप्न पडायचं: ब्रेक दाबतेय आणि गाडी थांबतच नाही. आज उठल्याउठल्या तिने राजीनामा लिहून सासऱ्यांपुढे ठेवला. सासरे निवृत्त बसचालक. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. "माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल, बाबा." "माझेही ब्रेक लागायचे नाहीत स्वप्नात," ते म्हणाले. "तुझ्या सासूला विचार, दचकून उठायचो." "कधी बोलला नाहीत." "लाज वाटायची. पुढे कळलं, ज्याला मागे बसलेल्यांची काळजी, त्यालाच असली स्वप्नं पडतात. बेफिकीर चालक ढाराढूर झोपतो." तेवढ्यात फोन वाजला. पत्ता ऐकताच सूनबाई दारातल्या रुग्णवाहिकेची चावी उचलून धावली. पाठोपाठ गल्लीतून भोंगा घुमला. "सकाळी सकाळी केवढा गोंगाट," शेजारी कुरकुरला. "आमची सूनबाई आहे," सासरे ताठ मानेने म्हणाले.