पानाखालचा शेरा

एकोणीस वर्षं ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या बाई आज स्वतःच बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. नोकरी सांभाळून विशेष शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घ्यायची, म्हणजे शनिवारी विद्यार्थी होणं आलंच.

सरांनी शिकायला आलेल्या सगळ्या शिक्षकांना एका जुन्या वहीच्या पानाची झेरॉक्स वाटली. मुलीचं नाव खोडलेलं. आकडे उलटे काढलेले, ओळी घसरत गेलेल्या, आणि खाली शेरा: 'आळशी. लक्ष नाही. वीस वेळा लिहून आणणे.'

"हिची अडचण काय होती आणि शिक्षकाने काय केलं, ते लिहा," सर म्हणाले.

बाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. अगदी आपलंच अक्षर, शेऱ्याखाली आपलीच दोनदा ओढलेली रेघ! आपल्या वर्गात खिडकीजवळ बसणारी ती पोर सहामाहीनंतर शाळेत आलीच नव्हती. कुणी ओळखलं तर? त्यांनी चोरून आजूबाजूला पाहिलं. नशीब, वर्गात कुणी मानच वर करत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत कसाबसा धीर गोळा करून त्या सरांच्या खोलीत गेल्या. "सर, तो शेरा... माझा आहे हो."

सरांनी खुर्ची पुढे सरकवली.

 

"तो मी लिहिलाय, बाई, माझ्याच एका विद्यार्थिनीच्या वहीत. पण तो आपलाच म्हणून सांगायला आलेल्या आज तुम्ही सातव्या."