बुवांची तीन इंजेक्शनं

फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं लपवलेली, न वापरलेली तीन इंजेक्शनं हाती लागली आणि कीर्तनकार बुवांची बायको भडकली.

“केमोनं पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात तुमच्या. साध्या सर्दीनं जीव जाईल! रोज टोचून घेतो म्हणालात, ते खोटं?”

“ते टोचलं की कमरेची हाडं ठणकतात गं,” बुवा पुटपुटले. “उद्या रामजन्माचं कीर्तन. दोन तास उभा कसा राहू?”

“ठणकणारच! आत अस्थिमज्जा नव्या पेशी घडवायला लागते म्हणून ठणकतात. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मान तर छान डोलवलीत. रामासमोर उभं राहायला बायकोशी खोटं बोललात?”

“बावीस वर्षांत सेवा चुकली नाही माझी.”

“उद्याही चुकणार नाही. तुम्ही घरी बसायचं, मी उभी राहते. इतकी वर्षं मागं बसून पेटी वाजवलीय. तुमची आख्यानं पाठ आहेत मला, चुकांसकट!”

बुवांनी एक इंजेक्शन उचलून तिच्या हाती दिलं. मग सदरा वर करून पोट पुढं करत म्हणाले, “उद्या पूर्वरंग फार ताणू नकोस.”