विषुववृत्ताची खोली

‘जगातली सगळी हवामानं एका छताखाली’ अशी जाहिरात करणाऱ्या त्या स्पामध्ये वाळवंट होतं, ध्रुव होता; विषुववृत्ताचं मशीन मात्र ऐन सुट्टीच्या दिवशी बंद पडलं. मालकाने गिऱ्हाइकांना सरळ मागच्या धुलाईखान्यात बसवलं आणि पाखरांचे आवाज लावून दिले.

“अहाहा, काय अस्सल दमट हवा! वाससुद्धा जंगली!” टॉवेल गुंडाळलेला एक जण म्हणाला.

हा इथे राबणाऱ्या आपणा बायकांच्याच घामाचा वास हुंगतोय, हे कळून इस्त्रीवाल्या मावशींना शिसारी आली. तरी त्या मालकाला म्हणाल्या, “आता तरी इथे पंखा बसवा हो, जीव गुदमरतो.”

मालक खुशीत होता. “उद्याच माणूस पाठवतो, मावशी!”



दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि तिथली एकुलती एक खिडकी बुजवून गेला.